टोपीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये बार भरताना फट कुठे राहते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वारशाने आलेलं कोल्टचं १८६०चं आर्मी मॉडेल, .४४ बोअरचं, सहा चेंबरचं, अस्सल जुनं. परवाना आणि रेंजची परवानगी हातात आहे. आता ते सुरक्षितपणे भरायचं कसं, दारू किती घालायची, एका बारासोबत शेजारचे चेंबरही उडतात तो प्रकार टाळायचा कसा, आणि हल्लीच्या काडतुसांत असते ती दारू चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. थोडीसुद्धा नाही, काळ्या दारूत मिसळूनही नाही. काळी दारू जळते तेव्हा दाब वाढला तरी तिचा जळण्याचा वेग त्या मानाने फारसा वाढत नाही. धूरविरहित दारूचं, म्हणजे हल्लीच्या काडतुसांतल्या दारूचं, उलट आहे. दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते, त्याने दाब आणखी वाढतो, आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या धातूला हे झेपत नाही. एक सावधगिरी इथेच सांगून टाकतो: ती दारूही दिसायला काळपट करडीच असते. रंगावरून दारू ओळखणारा माणूस या छंदात फार दिवस टिकत नाही. मूळ डब्यातली, लेबल असलेली, स्वतः सील फोडलेली काळी दारू वापरा. कुणी बरणीत घालून ‘हीच ती’ म्हणून दिली तर आभार मानून परत करा.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी वाटली तरी ती एकाच जागी येऊन मिळतात. या हत्याराचे जेवढे घोळ मी पाहिले, त्यातले काही माझ्या स्वतःच्या हातचे, त्यांच्या मुळाशी कुठे ना कुठे एक फट होती. गोळी आणि चेंबर यांच्यात फट, गोळी आणि दारू यांच्यात फट, टोपी (ठोका बसला की ठिणगी देणारी छोटी धातूची वाटी) आणि निपल (चेंबरच्या मागचं, टोपी बसवायचं पोकळ नळकांडं) यांच्यात फट. बार भरणं म्हणजे या फटी एकेक करून बुजवणं.

पण त्याआधी एक काम आहे, आणि ते आजच करा: रिव्हॉल्व्हर आधीच भरलेलं नाही ना, ते बघा. हसू नका. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही तितकीच जिवंत असते. २०१३ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली अठराव्या शतकातली एक तोफ साफ करायला घेतली, तर आत गोळा आणि पाऊण किलोच्या आसपास दारू निघाली. लोक वर्षानुवर्षं त्या तोफेशेजारून जात होते. तुमच्या रिव्हॉल्व्हरवर टोप्या नाहीत ना, हे प्रथम बघा. मग लाकडाची बारीक काडी चेंबरमध्ये तोंडाकडून सोडा, तोंडाच्या कडेशी काडीवर खूण करा, आणि तीच काडी सिलिंडरच्या बाहेरून धरून बघा. खूण चेंबरच्या तोंडाशी धरल्यावर काडीचं टोक निपलच्या बुडापर्यंत पोचत असेल तर चेंबर रिकामं. काडी मध्येच अडत असेल तर आत काहीतरी आहे. ते मळ असेल, गंज असेल किंवा एखाद्या पूर्वजाने ठासलेला बारही असेल. काडीचं टोक तोंडासमोर चेहरा न आणता, हात बाजूला ठेवून सोडायचं. सहाही चेंबर तपासायचे, पाच बघून ‘सगळे रिकामेच आहेत’ म्हणायचं नाही. भरलेलं निघालं तर ड्रिल, स्क्रू, गरम सळई असलं काहीही न करता ते या कामाची माहिती असलेल्या बंदूक-कारागिराकडे न्या, आणि भरलेलं असल्याचं त्याला दारातच सांगा.

कारागिराकडे तर रिकामं असलं तरी जायचंच आहे. सिलिंडरच्या मागच्या भागात, चेंबरवर जिथे अडकणीची खाच असते, तिथे भिंत सगळ्यात पातळ. निपलच्या खोबणीजवळ केसाएवढी चीर असली तरी ते रिव्हॉल्व्हर भिंतीवर टांगायचं, चालवायचं नाही. चेंबरच्या आत गंजाने पडलेले खड्डे, घोडा (टोपीवर आपटणारा हातोडा) ओढल्यावर सिलिंडर नेमक्या जागी अडकतं की नाही, बॅरल धरून ठेवणारी पाचर सैल आहे का, हे सगळं त्याने बघायचं. तुम्ही स्वतः एक गोष्ट भिंगाने बघू शकता. या मॉडेलच्या सिलिंडरवर १८४३च्या कॅम्पेचेच्या नाविक लढाईचं चित्र कोरलेलं असतं. चित्र सगळीकडून सारखं झिजलं असेल तर ते बहुधा वापराने. पण एकाच पट्ट्यात ते साफ नाहीसं झालं असेल आणि धातू आरशासारखा चमकत असेल, तर कुणीतरी गंज काढायला ते घासलेलं आहे, म्हणजे तेवढा धातू कमी झाला आहे. मला चकचकीत जुन्या रिव्हॉल्व्हरची नेहमी जास्त भीती वाटते.

जुने निपलही बदलूनच घ्या. त्यांचं भोक वर्षानुवर्षांच्या आगीने रुंद झालेलं असतं, मग बार उडाला की मागे येणारा झोत घोड्यालाच उचलतो. शिवाय जुन्या निपलच्या टोकावर आजच्या टोप्या नीट बसतीलच असं नाही. नव्या निपलचे आटे मात्र जुन्या खोबणीशी जुळायला हवेत. जुळत नसताना पान्याने आवळून बसवू नका.

आता गोळी. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

टोपीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी चेंबरपेक्षा किंचित मोठी असते. तिला बॅरलखालच्या ठासणीच्या दांड्याने आत दाबलं की कडेचं शिसं सोलून निघतं आणि चेंबरच्या तोंडावर शिशाची एक बारीक अंगठी उरते. ही अंगठी पूर्ण, अखंड, सगळीकडून सारखी असली की समजायचं, गोळीने चेंबरला चारही बाजूंनी कवटाळलं आहे. अर्धवट अंगठी, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला नाहीच, म्हणजे चेंबर गोल राहिलेलं नाही किंवा गोळी लहान आहे. .४४साठी ०.४५१ आणि ०.४५४ इंच अशी दोन मापं सर्रास मिळतात. .३६च्या नेव्ही मॉडेलला ०.३७५ किंवा ०.३८०. पण अस्सल जुन्या नगाचे चेंबर मोजल्याशिवाय यातलं कुठलंही माप घेऊ नका. सहाही मोजा, सगळ्यात मोठं निघेल त्याच्यापेक्षा चार-पाच हजारांश इंच मोठी गोळी धरा. शिसं शुद्ध आणि मऊ हवं, नखाने ओरखडा उठेल इतकं. मिश्रधातूची कडक गोळी सोलली जात नाही, तिला बसवायला लावलेला जोर दांड्याच्या बिजागरीवर जातो, आणि जुन्या नगात ती बिजागरी आधी तुटते.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. सुरुवातीच्या वर्षात माझ्याकडे ०.४५१च्या गोळ्यांची डबी होती आणि रिव्हॉल्व्हर होतं झिजलेल्या चेंबरचं. गोळ्या लोण्यात सुरी जावी तशा आत जायच्या. मला वाटलं, वा, काय गुळगुळीत काम आहे. अंगठी पडत नव्हती, तिकडे मी बघितलंच नाही. तिसऱ्या बाराला मनगटाला बसलेला झटका वेगळाच होता, जरा रुंद, आणि धूर दोन्ही बाजूंनी आला. सिलिंडर फिरेना. शेजारच्या चेंबरमधली गोळी बॅरलच्या कडेने निघून गेली होती, आणि खालच्या चेंबरची दांड्याच्या बुडाशी आदळून नाण्यासारखी चपटी झाली होती. माझा डावा हात नेमका मुठीवर होता. तो पुढे बॅरलखाली असता तर ही हकीकत मी दुसऱ्याच सुरात सांगितली असती.

ही आग पुढून शिरते की मागून, यावर जुने नेमबाज आजही भांडतात. पुढून म्हणणारे गोळीभोवतीच्या फटीला दोष देतात, मागून म्हणणारे सैल टोपीला. मी भांडणात पडत नाही, दोन्ही दारं लावून घेतो. पुढच्या दाराला पहिली कडी म्हणजे ती शिशाची अंगठी. दुसरी कडी म्हणजे गोळी आणि दारू यांच्यामध्ये मेण-चरबीत भिजवलेली लोकरी नमद्याची चकती. गोळीवरून तोंडाशी चरबी थापायची पद्धत जुनी आहे आणि चुकीची नाही. पण पहिल्या बाराच्या झोतानेच शेजारच्या चेंबरांची चरबी उडून किंवा वितळून जाते, आणि हात इतके बरबटतात की टोप्या धरवत नाहीत. मी चकती पसंत करतो. एक मात्र बघा: चरबी प्राण्याची किंवा वनस्पतीची हवी. गाडीचं ग्रीस काळ्या दारूच्या राखेत मिसळलं की डांबरासारखा चिकटा होतो.

दारूचं माप वजनाने नाही, आकारमानाने घेतात, आणि ते ग्रेनमध्ये सांगतात. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी बारीक दाण्याची, डब्यावर तीन एफ लिहिलेली दारू घ्या. आजच्या प्रतिकृतींमध्ये .४४ला २५ ते ३० ग्रेन घालणारे पुष्कळ आहेत. तुमच्या अस्सल जुन्याला मी २०च्या वर जाणार नाही, तेही कारागिराने हो म्हटल्यावर. म्हणजे जेमतेम १.३ ग्रॅम. कागदावरच्या निशाण्याला २५ मीटरवरून एवढं पुरतं, आणि बहुतेक वेळा नेमही हलक्या बारालाच चांगला बसतो. जास्त दारूचा मोह पडला तर १८४७चं वॉकर कोल्ट आठवा. त्यात ६० ग्रेनपर्यंत दारू मावायची, आणि त्या काळच्या धातूला ते न झेपून त्याची सिलिंडरं फुटायची. नवीकोरी असताना.

पण हलक्या बाराने दुसरी फट तयार होते. २० ग्रेन दारू चेंबरच्या तळाशी बसते, गोळी वर, आणि ठासणीचा दांडा तिथपर्यंत पोचेलच असं नाही. दांडा पूर्ण दाबला गेला म्हणजे गोळी दारूला टेकली असं तुम्हाला वाटतं, आणि मध्ये पोकळी राहिलेली असते. काळ्या दारूवर पोकळी ठेवून बार उडवला तर चेंबरची किंवा नळीची भिंत फुगू शकते. उपाय साधा आहे: दारूवर बारीक रवा घालायचा. होय, खायचाच, कोरडा. तो जागा भरतो, जळत नाही, आणि गोळी तोंडाजवळ आणून ठेवतो. पहिल्या दिवशी घरी, टोप्या आणि दारू दोन्ही नसताना, नुसत्या रव्यावर एक गोळी ठासून बघा. दांडा टेकला की हाताला बारीक करकर जाणवते आणि मग तो दबत दबत थांबतो. ही करकर ओळखीची करून घ्या. दांडा एकदम टक्कन थांबला तर तो धातूवर आदळला आहे, दारूवर नाही. ती सरावाची गोळी काढायला निपल खोलून मागून पितळी काडीने ढकलावी लागते, तेव्हा एकच भरा.

रेंजवर गेल्यावर पहिलं काम टोप्यांचं, आणि तेही रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर. प्रत्येक निपलवर एकेक टोपी बसवून उडवायची. त्याने वाटेतलं तेल जळून जातं. नळीचं तोंड जमिनीवरच्या वाळल्या पानाजवळ धरा. टोपी उडाल्यावर पान हललं तर वाट मोकळी आहे. सहाही पानं हलली पाहिजेत.

मग भरणी. घोडा अर्ध्यावर, सिलिंडर हाताने मोकळं फिरतं, नळी वर आणि जराशी पुढे, तुमचं डोकं तिच्या रेषेबाहेर. दारू मोठ्या भांड्यातून थेट चेंबरमध्ये कधीही ओतायची नाही. आधी पितळी मापात, भांडं बंद करून बाजूला, मग मापातून चेंबरमध्ये. आतमध्ये एखादा निखारा धुगधुगत राहिला असेल तर मापातली चिमूटभर दारू भडकेल आणि बोटं भाजतील. भांडं हातात असेल तर बोटं राहणार नाहीत. एकदा उडवून झालेल्या सिलिंडरमध्ये पुन्हा भरायला घेताना मी दोनेक मिनिटं थांबतो, आणि ओल्या फडक्याची काडी प्रत्येक चेंबरमध्ये फिरवून मग कोरडी फिरवतो.

दारू, चकती, रवा, गोळी, ठासणी. चकती आणि रवा यांचा क्रम उलटा करणारेही आहेत, त्याने फरक पडत नाही. एका चेंबरचं पूर्ण करून मगच पुढच्याला हात लावा. काही जण आधी सगळ्यांत दारू, मग सगळ्यांत गोळ्या असं करतात. त्यांना ते जमतं. पण मध्येच कुणी बोलायला आलं की एखादा चेंबर दारूविना राहतो, आणि मग नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी अर्धी नळीत, अर्धी चेंबरमध्ये अडकून सिलिंडर जाम होतं. ठासून झाल्यावर प्रत्येक गोळी तोंडाच्या आत गेलेली दिसली पाहिजे. बाहेर डोकावत असेल तर सिलिंडर फिरणार नाही. निघालेल्या शिशाच्या अंगठ्या उचलून एका डबीत टाका. मी त्या मोजतो. पाच बार, पाच अंगठ्या.

हो, पाच. सहावा चेंबर रिकामा ठेवून घोडा त्यावर टेकवायचा. या मॉडेलमध्ये दोन चेंबरांच्या मध्ये घोडा टेकवायला बारीक खुंट्या असतात, आणि मूळ कल्पना सहा भरून घोडा खुंटीवर ठेवायची होती. पण दीडशे वर्षांत त्या खुंट्या ठेचून सपाट झालेल्या असतात. टेबलावरून लगेच सहा उडवायचे असतील तरी मी नवख्याला पाचच सांगतो.

टोप्या शेवटी, तुमची पाळी आल्यावर, नळी निशाण्याकडे धरून. १० किंवा ११ क्रमांकाच्या असतात. तुमच्या निपलवर बोटाने घट्ट बसेल आणि झटकल्यावर पडणार नाही तो क्रमांक तुमचा. सैल टोपी चिमटीत दाबून लंबगोल करून बसवणारे लोक आहेत. निपल नवे घेताय तर त्या जुगाडाची गरज पडू नये. टोपी पूर्ण खाली गेली नसेल तर छोट्या लाकडी काडीने दाबा. घोडा हळूच सोडून त्याने टोपी दाबू नका. अंगठा निसटला की तो बारच आहे. टोप्या लावलेलं सिलिंडर रिव्हॉल्व्हरमधून काढायचंही नाही. ते खाली पडलं आणि टोपी दगडावर आली, तर गोळी कुठे जाईल याची कुणी खात्री देऊ शकत नाही.

झाडताना दुसरा हात सिलिंडरच्या पुढे कधी न्यायचा नाही. सिलिंडर आणि बॅरल यांच्या फटीतून आग आणि शिशाचे कण बाजूला उडतात. चष्मा हवाच, कानाला बोळेही. ही एकच फट कोल्टने मुद्दाम ठेवलेली, तिच्याशी जमवून घ्यावं लागतं. प्रत्येक बारानंतर घोडा ओढताना नळी वर करा, म्हणजे फाटलेली टोपी बाहेर पडते. नाहीतर तिचा तुकडा घोड्याच्या खाचेत शिरतो आणि यंत्र अडतं. घाई कशालाच नाही. या जातीच्या हत्यारांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही १३ बारांना ३० मिनिटं देतात आणि त्यातले चांगले १० मोजतात.

फुसका बार झाला, नुसती टोपी वाजली, तर नळी निशाण्याकडेच धरून पूर्ण एक मिनिट थांबा. दारू कधी कधी उशिरा पेटते. मग नवी टोपी लावून पुन्हा. दोनदा-तीनदा तसंच झालं तर निपलची वाट बुजली आहे किंवा चेंबरमध्ये दारूच नाही. अशा वेळी इतर सगळे बार उडवून रिकामे करा, उरलेल्या टोप्या काढा, आणि मग सिलिंडर बाहेर घेऊन निपल खोला. मागून दारू दिसली तर पाणी घाला. भिजलेली दारू भांडत नाही.

घरी येताना रिव्हॉल्व्हर भरलेलं आणायचं नाही. उरलेले बार उडवून टाका. साफसफाई त्याच संध्याकाळी, उद्या नाही. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळून घन राखच होतो, ती राख हवेतलं पाणी ओढते, आणि रात्रीत लोखंडावर लाल बुरशी धरते. पाचर काढा, बॅरल आणि सिलिंडर वेगळे करा, निपल खोला, आणि गरम पाण्यात थोडा साबण घालून सगळं धुवा. उकळतं पाणी नको, त्याने लगेच तांबूस गंज चढतो. कोरडं करून मंद उबेला ठेवा, मग तेलाचा हात. निपलच्या आट्यांना थोडी चरबी लावा, नाहीतर पुढच्या वेळी ते निघायचे नाहीत.

तुम्ही जाता जाता हेही विचारलंय की त्याच काळातल्या काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरला हेच नियम लागू होतात का. बरेचसे होतात. दारू काळीच, पोकळी चालत नाही, काडतुसाचं कवच गोळीच्या बुडापर्यंत भरलेलं हवं. दिसायला सारखी म्हणून आजची फॅक्टरीची काडतुसं त्यात बसतातही, आणि तिथेच घात होतो. बसलं म्हणजे चाललं, असं नाही. फक्त तिथे अंगठी दिसत नाही, त्यामुळे चेंबर आणि नळी मोजण्याचं काम भरणीच्या आधी, कागदावर आकडे लिहून करायचं.